नऊ नंबरची खोली

३ मार्च
हॉटेलात खोली सोडायची वेळच रद्द! मालकाच्या चिरंजीवांचा नवा नियम — पाहुण्यानं हवं तितकं झोपावं, हवं तेव्हा जावं. दारावर ‘विश्रांती चालू’ अशी पाटी दिसली, की कुणी दार वाजवायचं नाही. “मावशी, लोकांना घड्याळाचा कंटाळा आलाय.” म्हणे! आणि खोल्या आवरणाऱ्या माझ्या सहाजणींनी काय करायचं?

४ मार्च
कळलं काय करायचं. दुपारपर्यंत जिन्यात माश्या मारत बसायचं, आणि संध्याकाळी सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या झाल्या की ऊर फुटेस्तोवर धावायचं. चादरी, संडास, फरशी — उसंत नाही. तिसरा मजला आवरणाऱ्या पोरीला सातवा महिना आहे. कठडा धरून उभी होती. चेहरा पांढराफटक.

५ मार्च
चिरंजीवांकडे गेले. बायकांना पाठ टेकायला एक खोली द्या, म्हटलं. “मावशी, तुम्ही फार टेन्शन घेता. जमत नसेल तिनं घरी बसावं.” वर हसला! कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात भुसा. हा रांगत होता तेव्हापासून मी हे हॉटेल सांभाळतेय.

६ मार्च
नऊ नंबर रिकामी होती. पोरीला आत ढकललं, बाहेर पाटी लावली.
“बाई, नको — मी करते काम.”
“तोंड चालवू नकोस. आडवी हो.”
तिच्या खोल्या आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतल्या. चिरंजीव पाटी पाहून चवड्यांवर चालत गेले. हसू दाबता दाबता पुरेवाट!

७ मार्च
आजही तेच. खाशी जिरवली.

९ मार्च
दार वाजवलं त्यानं! स्वतःचा नियम स्वतःच मोडला — काउंटरवरच्या वहीत नऊ नंबरला पाहुणाच नव्हता म्हणून. पोरगी धडपडत उठली. मी मध्ये पडले. म्हटलं, मी झोपवलंय तिला, काढायचं तर मला काढा.
“तुम्हाला कसं काढू, मावशी? मग हॉटेल कोण चालवणार?”
आणि तिला उभ्या उभ्या घरी पाठवलं. कायमचं. नालायक!

१० मार्च
पोरीच्या घरी गेले. आत या म्हणाली नाही.
“बाई, मी झोप मागितली होती का? गेल्या महिन्यात तळमजला मागितला होता तुमच्याकडे. जिना चढवत नाही म्हणून.”
मागितला होता. एकीला सूट दिली की सगळ्या मागतील, म्हणाले होते मी.