मधलं घर

मार्गशीर्ष शु. ३, सोमवार. अकोला.
शाळा-बोर्डाचं काम एकदाचं संपलं. बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या माळ्यांच्या गावात मधल्या घराची वर्षाची प्राप्ती किती, हे दहा वर्षांमागे मीच काढलं होतं. आता तेच पुन्हा. रीत जुनीच. घरागणिक एक चिठ्ठी, कमी प्राप्तीपासून जास्तीपर्यंत ओळीने मांडायची, बरोबर मधली उचलायची. सरासरीवर माझा विश्वास नाही. एका कापसाच्या जिनवाल्या शेठजीपायी सगळं गाव कागदावर तूप खातं. सरासरी म्हणजे मध्यमपदलोपी समास. मधलं पद तेवढं गळतं.
एक्केचाळीस चिठ्ठ्या, एकविसावी उचलली. प्राप्ती चांगलीच वाढलेली. ज्या साप्ताहिकाचा मी वार्ताहर, त्याला लगेच बातमीपत्र: 'वऱ्हाडचा खेडूत सावरला.' बोर्डाचा कागद पौर्णिमेच्या आत अमरावतीला जायचा आहे.

शु. ५, बुधवार.
हौसाबाई आली. त्याच गावची माळीण, जठारपेठेत भाजी विकते, आमची वांगी तिच्याकडचीच. आज पाटी उतरवायच्या आधीच तोफ.
"शास्त्रीबुवा, आमी कवा शिरीमंत झालो वो? पटवारी म्हणते गाव सुधरलं, आता शाळेची फी लागन. गंगीले काढा लागते मले."
गंगी तिची मुलगी, तिसरीत. मधलं घर बोर्डाच्या मर्यादेखाली असेल तरच गावाला फी माफ, म्हणजे माफी माझ्या आकड्यावर टांगलेली, हे ठाऊक होतं. त्या आकड्याला गंगी लोंबते आहे हे मात्र...
"तुमी लिवलं, आमच्या घरी दोन बैलजोड्या अन् मोटेचं पाणी. थे माह्या दिराचं हाय! पोळ्यापासून आमी न्यारे."
"दार तर एकच ना?"
"दार एक. चूल न्यारी."
आतून सौ.: "मागच्या खेपेला चुली मोजल्या होत्या ना?"
होत्या. यंदा पटवाऱ्याच्या ओसरीवर चहा घेत त्याची दारांची यादी उतरवून घेतली. दोन-दोन भावांची प्राप्ती एका चिठ्ठीत. घरं मोठी झाली, श्रीमंत नव्हे. जेवण गेलं नाही.

शु. ८, शनिवार. गावात.
पहाटे महादेवाच्या ओट्यावर चढून धूर मोजले. धूर तिथे अग्नी, हे न्यायशास्त्रातलं पहिलंच अनुमान. चौऱ्याहत्तर भरले! एवढ्या चुली या गावात कशा? हौसाबाई ओट्याखाली उभी, पदर तोंडाला.
"अवो बाप्पा! त्यातले कितीक तर आंगधुनीचं पानी तापवाचे."
काशीच्या गुरुजींनी हे सांगितलं नव्हतं.
शेवटी माप तिनेच दिलं. "मीठ इचारा. न्यारी झालेली जाऊ पीठ उसनं देते, बैलबी देते. मिठाचं मडकं तेवढं आपलं आपलं. दोन मडकी, म्हंजे दोन घरं."

शु. ९, रविवार. गावातच.
दारोदार 'मीठ कुणाचं?' विचारीत फिरलो. तिसऱ्या दारापासून मडकी दिसेनाशी होऊ लागली. करीमभाई पिंजारी कापूस पिंजता पिंजता थांबला.
"पंडतजी, निमकावर अजून टॅक्स आला काय? सरकार आता मडक्यात बी हात घालून राहिली?"
त्याला समजावण्यात तास गेला. मग हौसाबाई पुढे, मी मागे. तिने एकेक जाऊबाई बोलती केली. दोन भांडणं नव्याने लागली, एक मिटलं. दिवेलागणीला हिशेब: सत्तावन्न घरं, प्रत्येकाची प्राप्ती वेगळी लिहिलेली.

शु. १३, गुरुवार. अकोला.
माजघरभर चिठ्ठ्या. सौ.ला झाडायची बंदी. एकोणतिसावी उचलली: करीमभाई. प्राप्ती दहा वर्षांमागच्या आकड्याहून एका लुगड्याच्या किमतीइतकीच वर, बोर्डाच्या मर्यादेच्या बरीच खाली. पुन्हा मांडलं. तेच. हुश्श. दोन वेळचं एकदम जेवलो.
कागद अमरावतीला रवाना. साप्ताहिकाला दुरुस्ती: 'खेडूत सावरला नसून वार्ताहर घसरला.' छापतील की नाही, कोण जाणे. माझं पूर्वीचं पत्र मात्र ठळक छापलं होतं.

व. ६, शुक्रवार.
करीमभाई बाजाराला आला होता. गावातलं मधलं घर त्याचं, हे सांगितलं.
"म्हंजे अठ्ठावीस घरं माह्या खाली?"
"हो."
"अन् अठ्ठावीस वर?"
"हो."
दाढी खाजवली. "खालचे नोका सांगू. वरचे कोन थे सांगा."
नाही सांगितले. रागावून गेला, जाताना आमच्या उशा पिंजून द्यायचं मात्र कबूल केलं.

पौष शु. ४, गुरुवार.
अमरावतीचं उत्तर. कुटुंबाचं माप मीठ धरावं, हे कोणत्या नियमात बसतं याचा निर्णय बोर्डाचे साहेब करतील. तोवर त्या गावी फी घेऊ नये. शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. छातीवरचं जातं उतरल्यासारखं वाटलं. पूर्ण उतरलं म्हणवत नाही.
हौसाबाईला वाचून दाखवलं. तिने पाटी पायरीवर ठेवली. डोळे पुसले, मग व्यवहाराला लागली.
"निर्नय कवा?"
"साहेब दौऱ्यावर आहेत. आधी मेळघाट, मग नागपूर."
"गंगीचं तिसरं पुस्तक सराले चैत उजाडते. तवरक फिरू द्या सायबाइले. मेळघाटची हवा लय चांगली म्हन्तेत."