शेपटीतलं सारण

रविवार, दिवेलागणीनंतर

नातवाच्या वाढदिवसासाठी केलेल्या या उकडीच्या डायनासोरांची खरी किंमत म्हणजे हिचा उकडीने भाजलेला अंगठा आणि दिवसभर उभा राहिलेला एक ट्रक, कारण ड्रायव्हर गणपत अंगणात झावळ्यांचं जंगल बांधत होता. "शेट, ही तर घोरपड हाय," म्हणाला. खूप हसलो. पालकाच्या रसाची हिरवी उकड, पाठीवर मोदकाच्या कळ्यांसारखे काटे. शेपटीत सारण जास्त, कारण नातवाने फोनवर बजावलेलं, "आजोबा, शेपूट मी खाणार." फाटकापासून ओटीपर्यंत तांदळाच्या पिठाने काढलेली डायनासोरची पावलं, आत येणारी.

माझा कान पक्का, असं मी चारचौघांत सांगतो. गणपतलाही शिकवलंय, गिऱ्हाईक "बघू" म्हणालं की ते "नाही" समजायचं. मीही टाळायचं असलं की "बघू"च म्हणतो.

संध्याकाळी मुलाचा पनवेलहून फोन. "बाबा, वाढदिवस इथेच सोसायटीत केला. त्याचे मित्र इथेच ना सगळे." मागे गाणी वाजत होती. त्यातूनही नातवाचा आवाज ऐकू आला, "शेपूट ठेवलंय ना?"

ठेवलंय म्हणालो. उकड टिकत नाही, हे त्याला कशाला सांगू?

पिठाची पावलं ही पुसायला लागली तर नको म्हटलं. का म्हटलं? आता कोण येणार त्यावरून? बाकी सगळं गणपतच्या घरी पोरांना पाठवलं. एक शेपूट झाकून ठेवलंय.

महिनाभर मुलाला विचारत होतो, येताय ना. दर वेळी तो म्हणायचा, "बघू, बाबा."