हिरवं दिसलं म्हणून

८ एप्रिल २००९, बुध.
प्रमोद (मुलगा) ऑफिसातून आला तो लॅपटॉप उघडाच घेऊन. तो नोकरीला आहे ती दुबईतली पिठाची गिरणी अमेरिकेतल्या ज्या भागातून गहू आणते, तिथे परवा पहाटे गोठवणारी थंडी पडली. ऐन वसंतात! एजंटाने शेतांचे फोटो पाठवलेत. "आप्पा, तुम्ही गव्हात तीस वर्षं काढलीत. बघा जरा."
निफाडकडच्या सरकारी फार्मवर फील्ड असिस्टंट होतो, एवढंच. पण पाहिलं. नजर पोचेल तिथवर हिरवंगार. चौथीत गुरुजींनी चालीवर म्हणून घेतलेली शेताची कविता आठवली. अख्खी म्हणून दाखवली. मग म्हणालो, "टोकं करपलीत फक्त. आपल्याकडेही व्हायचं असं. सावरतं."
ईरा (नात, नववी): "वाव आजोबा, यू रिमेंबर द होल थिंग!"
छान वाटलं.

९, गुरु.
प्र.ने गिरणीच्या शेठना सांगितलं, पीक शाबूत आहे, भाव उतरतील, आत्ताच्या भावाने गहू बांधून ठेवायला नको. शेठ खूश.

११, शनि.
बाल्कनीत चहा घेताना एकदम लक्षात आलं.
फार्मवर टोकं करपायची ती डिसेंबरात. रोप वीतभर, वाढीचा कोंब अजून मातीत, सुरक्षित. तिकडचा गहू हिवाळ्याआधी पेरलेला. एप्रिलात कांडीवर आलेला असणार, म्हणजे इवलीशी ओंबी खोडाच्या आत वर चढलेली. ती मेली तरी पानं आठवडाभर हिरवीच राहतात.
गहू कुठल्या अवस्थेत आहे, हा पहिला प्रश्न. नव्या मजुरालासुद्धा मी हेच शिकवायचो. बुधवारी विचारलाच नाही. कविता म्हणत बसलो.
प्र.ला अजून सांगितलं नाही. गहू गेला असेल तर भाव चढणार, आणि गिरणीने तर बांधलेलाच नाही.

१२, रवि.
सांगितलं. प्र.ने आधी ते फोटो पुन्हा उघडले. मग एजंटाला फोन. तो म्हणाला, थंडी पडल्यापासून दहा दिवस जाऊ द्या, खोड उभं चिरून बघू. आतला कोंब पांढरा, टणक, तर जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, तर खलास.
मी: शेठना सांग, वडील चुकले.
"वडिलांचं नाव पुढे करून नोकरी वाचवू? आप्पा, काहीतरीच."
गेल्या महिन्यात मंदीमुळे गिरणीतून दोघांना काढलं. व्हिसा रद्द, तीस दिवसांत बाहेर. समोरचे नायर परवा कायमचे गावी गेले. सोफा लिफ्टपाशी, वर चिठ्ठी, हवा त्याने न्यावा. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये असे सोफे आता...

१४, मंगळ.
सूनबाई बर दुबईच्या देवळात जाऊन आली. ईराची नवी पुस्तकं पुढ्यात घेऊन बसली होती. "आप्पा, कव्हरं घालू की इतक्यात राहू देत?"
मी कात्री शोधून दिली.
ती कविता दुसऱ्या कडव्यापुढे आठवत नाही आज.

१६, गुरु.
फोटो नाही. प्र. जेवला नाही. लिफ्ट वाजली तरी दचकतो मी.

१९, रवि.
पहिल्या शेताचे फोटो आले. शेठनी प्र.ला बोलावलं. मीही निघालो. नको म्हणत होता. गाडीत जाऊन बसलोच.
केबिनमध्ये सरळ सांगितलं, "शेठ, हरा है, सावरेगा, ये मैंने बोला था." शेठनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तो अंकल, अब आप ही बोलो. जिंदा है कि मर गया?"
चिरलेली खोडं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. कोंब पांढरा नाही, तपकिरीही नाही. शिजलेल्या साबुदाण्यासारखा. प्र.चा पाय टेबलाखाली हलत होता. जिवंत म्हणावं, असं ओठांवर आलं होतं.
"मालूम नहीं," म्हणालो.
"तीस साल गेहूँ में, और मालूम नहीं?" शेठ हसले. मग हसले नाहीत. "गुरुवार को बाकी दो खेतों के फोटो आएँगे. देखते हैं. प्रमोद, तू रुक."
मी रिसेप्शनमध्ये तासभर बसलो. प्र. आला. आत काय झालं, सांगितलं नाही. गाडी सुरू करून म्हणाला, "आप्पा, हेच त्या दिवशी म्हणाला असतात तर?"
चिडून नाही बोलला. अगदी हळू. म्हणून जास्त भीती वाटते.