संगमाच्या पाण्याची बाटली

नेसरी, ८ जानेवारी २०२४

चि. शिवशरण यास वर्षाराणीअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, अव्वा कान लावून बसते, आईच ती. म्हणून केरबा कंडक्टरच्या हाती चिठ्ठी आणि ती दगडी बाटली पाठवते आहे. अप्पांनी जुन्या बाजारातून आणलेली. अव्वा जिच्यात कूडलसंगमाचं पाणी ठेवते आणि रोज इष्टलिंगावर घालते, तीच.

शेजारचा कृष्णात गोव्याच्या हॉटेलातून सुट्टीला आलाय. बाटली बघून तो अव्वासमोरच खदाखदा हसला. म्हणाला, काकी, ही जर्मन दारूची बाटली हाय की, आमच्याकडं शोभेला मांडल्यात. तेव्हापासून अव्वाने लिंग हातात घेतलेलं नाही. आणि पूजा नाही म्हणजे जेवण नाही. मठातले अय्या येऊन, शुद्धी करून घ्या म्हणाले. ती म्हणते, इतकी वर्षं देवावर काय ओतलं ते आधी कळू दे. घोटभर दुधावर आहे, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत.

तू छापखान्यात बारीक अक्षरं वाचणारा. बाटली कुणी केली, कशासाठी केली, एवढं शोध.

माया आहेच, उत्तर लवकर धाडून ती वाढव.
तुझी अक्का


राजारामपुरी, कोल्हापूर, १० जानेवारी

ती. अक्कास शिवशरणचा शि. सा. न. वि. वि.

बाटली न फुटता पोचली. खांद्यावर गोल शिक्का आहे, पण अव्वा रोज विभूती लावते, ती त्यात बसून घट्ट झाली आहे. टाचणीने खरवडायला हात धजेना. ओलं कापड लावत बसलो. उतरलेलं पाणी बेलाच्या बुंध्याशी ओतलं, तेवढं अव्वाला सांग. मालक ओरडले, लग्नाच्या पत्रिका पडल्यात आन् तू बाटलीला शेक देतोस व्हय रं?

मग पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली. मध्ये सिंह, भोवती अक्षरं. खाली एक सुटं अक्षर आणि चोवीस हा आकडा. वरच्या मजल्यावर सबिना मॅडम जर्मनचा क्लास घेतात. त्यांनी ‘सेल्टर्स’ असं वाचलं. ते तिकडच्या झऱ्याचं नाव, त्याचं पाणी बाटल्यांत भरून विकत. पण अशाच बाटल्या दारूसाठीही करत, म्हणून त्यांनी तिकडच्या एका संग्रहालयाला फोटो पाठवलेत. तोवर अव्वाला काही सांगू नकोस. अर्धवट कळलेलं मला लिहवत नाही.

लोभ असावा, आणि या खेपेस थोडा धीरही.
शिवशरण


नेसरी, ११ जानेवारी

चि. शिवशरणास आशीर्वाद.

धीर संपला. आज अव्वाला अंगणात चक्कर आली. डॉक्टरांनी सलाईन लावलं तर सुई काढा म्हणते. कृष्णात दारात रडवेला उभा, काकी, मी चेष्टा केलती. ती म्हणाली, मग खरं काय ते सांग की. त्याला कुठलं सांगता येतंय!

शिवा, पाण्याचीच आहे एवढं लिहून टाक. खोटं निघालं तर पाप माझ्या माथी.
अक्का


राजारामपुरी, १२ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

उत्तर आलं. बाटली झऱ्याचं पाणी भरण्यासाठीच केलेली आहे. सुटं अक्षर कुंभारांच्या गावाचं, चोवीस हा त्यातल्या एका कुंभाराचा आकडा. त्याचं नाव मिळत नाही.

इथेच थांबावं असं फार वाटलं. पण त्यांनी पुढेही लिहिलं आहे. रिकाम्या झालेल्या अशा बाटल्यांत लोक हवं ते भरत. अप्पांच्या हाती येण्याआधी हिच्यात काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
शिवशरण


नेसरी, १३ जानेवारी

चि. शिवशरणास उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र मी अव्वाला वाचून दाखवलं, पण शेवटच्या ओळींवर अंगठा ठेवून. तिला अक्षरओळख नाही, तरी तिने माझा अंगठा उचलला आणि म्हणाली, काय झाकलंयस? वाचावंच लागलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, पोरानं ठाऊक न्हाय ते ठाऊक न्हाय असं लिवलंय. म्हंजे ठाऊक हाय म्हणतोय ते खरं. कुंभारानं पाण्यासाठी केली आन् तसा शिक्का मारला. दारू कुणी भरली असंल तर त्या भरणाऱ्यानं काय शिक्का मारला न्हाय. मी कुंभाराचं ऐकणार.

आंघोळ करून ती लिंग घेऊन बसली. बाटली तू स्वतः घेऊन यायची आहे, केरबाच्या हाती नको, असा हुकूम आहे. आता आतून दुसरी भाकरी मागते आहे, म्हणून पत्र आटोपते.
तुझी अक्का