थर क्रमांक ४१

७ ऑक्टोबर २०१९
पुन्हा अडलं. उत्खननातल्या चौथ्या खड्ड्याच्या जुन्या वह्या संगणकात भरतेय आणि मीच तयार केलेली प्रणाली नोंद घेत नाहीये. थर ४१ हा ४४च्या वर, ४४ हा ४७च्या वर, आणि ४७ पुन्हा ४१च्या वर! माती अशी गोल फिरत नाही. तीन तास तपासलं – चूक माझी नाही, वहीतली आहे. १९९८ची वही, अक्षर ओग्न्यानकाकांचं. या टेकाडाच्या उत्खननाची सगळी रेखाटनं चाळीस वर्षं त्यांनीच केली.

८ ऑक्टोबर
स्नेझाना वेलिनोवाबाईंना सांगितलं. उत्खनन त्यांचं, शेवटचा शब्दही त्यांचाच.
"तिन्ही थरांमधला एक दुवा काढून टाक ना, झॉर्नित्सा. डिसेंबरात सगळं संग्रहालयाला द्यायचंय."
कुठला काढू?
"कुठलाही."
याच खड्ड्यातल्या जळक्या घरावर त्यांचं अख्खं पुस्तक उभं आहे. पाठ दुखतेय.

९ ऑक्टोबर
काहीच केलं नाही.

१२ ऑक्टोबर
काकांकडे गेले. अंगणात लाल मिरच्या भाजत होते. सोलायला मलाही बसवलं. वही पुढे केली. हात थांबवून त्यांनी पान वाचलं.
"हे मी पाहिलंच नाही गं."
म्हणजे?
"त्या आठवड्यात माझी बायको येलेना दवाखान्यात होती. परत आलो तर खड्डा खणून पार खाली गेलेला. मजुरांना विचारून विचारून रेखाटन काढलं, सही ठोकली." मग हात पुसत म्हणाले, "एकवीस वर्षांत कुणी विचारलं नाही. तुझ्या यंत्रात याला जागा आहे का?"
नव्हती. रंग, खोली, तारीख – सगळ्याला जागा केली होती मी. याला नाही.

१४ ऑक्टोबर
केली जागा. प्रत्येक नोंदीखाली एक चौकट – 'प्रत्यक्ष पाहिलं नाही'. तिथे खूण केली की तो दुवा धरायचा नाही, गुंता सुटतो. काका बसने आले. स्वतः खूण केली, खाली एका बोटाने आपलं नाव टाइप केलं. बाई दारात उभ्या.
"असल्या खुणा बघून संग्रहालयवाले हसतील आपल्याला. शुक्रवारी ही चौकट काढून टाक."
"हसू देत, स्नेझाना," काका म्हणाले. "त्यांनी तरी कुठे पाहिलंय?"
बाई हसल्या नाहीत.

१७ ऑक्टोबर
उद्या काढायची. नोकरी टिकवायची तर काढावीच लागेल. काकांना काय सांगू? केलेलं पुन्हा मोडायचं. दमले.

१८ ऑक्टोबर
चौकट काढायला बसले. आधी सहज खुणा पाहिल्या. काकांची एक. आणखी आठ आहेत – बाईंच्या नावाने, आज सकाळी सात वाजता केलेल्या. पहिलीच जळक्या घराच्या नोंदीखाली.