जुन्या दुकानाची माती

आबा, यंदा धरणाचं पाणी फार खाली गेलं आणि आपलं जुनं गाव पुन्हा वर आलं. मी बारामतीहून मुद्दाम जाऊन पाहिलं. गाळातून देवळाचा कळस डोकावत होता, आणि मला हसूच आलं.

धरणासाठी गाव उठलं तेव्हा तुमचं एक काम राहून गेलं. सोनाराच्या दुकानात चांदीचा कीस वर्षानुवर्षं जमिनीत मुरतो. झारेकरी येऊन ती माती धुतात आणि चांदी काढतात. ‘जमीन धुतली की तुला जोडवी करतो,’ असं तुम्ही आईला म्हणालात आणि पाणी चढलं. पुढे नव्या गावठाणात ती पाहुण्यांना सांगायची, ‘माझी जोडवी हायेत की. पाण्याखाली!’

मग नव्वदनंतरचा तो कोरडा उन्हाळा. झारेकरी नवराबायकोला घेऊन तुम्ही निघालात. ‘माशांनी खाल्ली असेल चांदी,’ असं म्हणत मीही मागून आले. भिंती विरघळून नुसती जोती उरली होती. तुम्ही त्यातलं एक छातीठोकपणे दाखवलंत. दुपारपर्यंत माती धुतली, तर परातीत सुया आणि बटणं! झारेकरीण म्हणाली, ‘आबा, तुमी सोनार हाय का शिंपी?’ आपण आळीतल्या शिंप्याची जमीन खणली होती. तुम्ही डोक्याला हात लावलात, ती दोघं आवराआवर करू लागली. आता पाऊस पडला की पुन्हा सगळं पाण्याखाली.

तेव्हा मला आठवलं. लहानपणी मी दुकानाचा केर उकिरड्यावर फेकला होता. ‘त्या केरात आपलं पोट हाय!’ म्हणत तुम्ही तो परत आणवलात आणि मला पायरीवर चाळत बसवलंत. रागाने मी समोर बघत होते: दीपमाळ, आणि बरोबर तिच्यामागे कळस.

मी इस्त्रीच्या साडीत एकेका जोत्यासमोर गाळात बसून पाहू लागले. ‘अगं, मास्तरीण हायेस तू, लोक बघत्यात!’ तुम्ही ओरडलात. चौथ्या ठिकाणी दीपमाळ आणि कळस एका रेषेत आले. ‘खणा,’ मी म्हणाले.

चांदी निघाली हरभऱ्याएवढी. तिचं एकच जोडवं झालं. आई म्हणाली, ‘आता दुसऱ्या पायासाठी दुसरं गाव बुडवायचं व्हय?’ तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, दुसरं नव्या दुकानातल्या चांदीचं केलंत आणि कोणतं कुठलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

जोडवी आता माझ्याकडे आहेत. हा कागद त्यांच्याच डबीत ठेवते. आणि आबा, सुपलीतला केर टाकण्याआधी मी अजून तो खिडकीशी नेऊन उजेडात धरते. घरात कोणी बघत नाही ना, एवढं पाहून.