फळ्याच्या कोपऱ्यातला शब्द

सर, तुम्ही मेलात त्याला आता दहा वर्षं झाली. मोठ्या माणसाबद्दल 'गेलात' असं लिहितात, मला माहीत आहे. पण गेलेला माणूस परत येतो, जसा मी दर दोन वर्षांनी महिनाभर गावाकडं येतो. तुम्ही परत यायला नको, म्हणून मेलात असंच लिहितो. आज माझ्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल लागला. काय लागला ते शेवटी सांगतो. तुम्ही आमचे तपासलेले पेपर टेबलावर उपडे ठेवायचात, चष्मा पुसायचात, खिडकीतून बाहेर बघायचात, आणि आमचा जीव नरड्यात आला की मग एकेकाला उठवायचात. आता जरा तुम्ही थांबा.

मी इथं वाळवंटातल्या एका शहरात आहे. काम फवारणीचं. गावाकडं कापसावर मारायचो, इथं हॉटेलांच्या मोऱ्यांत झुरळांवर मारतो. पंप तसाच पाठीवर, फक्त अंगावर कंपनीचा निळा ड्रेस आणि तोंडाला मास्क. 'फवारणी' हे नाव मला तुम्हीच ठेवलं होतं. ते गावभर झालं. अजून पारावरची म्हातारी माणसं विचारतात, "काय फवारणी, कवा आलास?" तुम्हाला पुढचं दिसत होतं म्हणायचं.

कंपनीचं एका थंड देशात काम निघालंय. तिथं बायको-लेकरांना सोबत ठेवता येतं. इथं एका खोलीत आम्ही सहा जण, आणि माझी पोरगी तीन वर्षांची झाली तरी मी तिच्यासाठी फोनमध्ये राहणारा माणूस आहे. मागच्या खेपेला घरी गेलो तर मला बघून रडली आणि आईच्या फोनकडं बोट दाखवून म्हणाली, "पप्पा तितं हायेत." त्या देशाच्या व्हिसाला इंग्रजीची परीक्षा लागते. ऐकायची, वाचायची, लिहायची, आणि शेवटी एका माणसापुढं बसून बोलायची. चारीमध्ये नऊपैकी सहा पाहिजेत. बाकीचं मी घासून घासून काढलं, पण बोलण्यात पहिल्यांदा पाच आले, दुसऱ्यांदा साडेपाच. साहेब म्हणाला, तिसऱ्यांदा राहिलं तर जागा दुसऱ्याला देणार.

खोलीत एक केरळचा आहे, शिकलेला. त्यानं सांगितलं, साधे शब्द बोललास तर मार्कही साधेच मिळणार, जड शब्द पाहिजेत. आठशे शब्दांची यादी दिली. मला पाठ होईनात. सकाळी पाठ केलेला शब्द दुपारपर्यंत झुरळासारखा फटीत शिरायचा. मग एक दिवस 'पॉम्पस' आला. उगाच मोठेपणा मिरवणारा. आणि डोळ्यापुढं तुम्ही उभे राहिलात, शाळेपुढं गाडीवरून उतरताना. पोरानं पळत येऊन गाडी स्टँडला लावायची, तुम्ही नुसती किल्ली काढायची. तो शब्द परत कधी विसरला नाही. तेव्हा मला रस्ता सापडला. 'इम्मॅक्युलेट', कुठंच डाग नसलेला, म्हणजे तुमचा पांढरा सदरा. 'सिमेट्रिकल', म्हणजे तुमच्या कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे, पट्टीनं आखल्यासारखे. 'कन्टेम्प्ट', तुच्छता, म्हणजे तुमचा वाकडा होणारा वरचा ओठ. 'ऑब्सोलीट', कालबाह्य, तुमचं गळकं शाईचं पेन, ज्याला आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत. आठशेतले पाचशे तरी शब्द मी तुमच्या अंगावर खिळ्यासारखे ठोकले. मोरीत वाकून नळी धरायची आणि मनात तुम्हाला एक एक खिळा मारायचा. लय बरं वाटायचं. केरळवाल्यानं विचारलं, "हे सर सर म्हणून कुणाला पुटपुटतोस? दुश्मन आहे का?"

"मास्तर," मी म्हणालो.

"मग तेच झालं," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

आता तो दिवस. तुमच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असायचा, वर लिहिलेलं 'आजचा शब्द'. हजेरी नंबरानं रोज एका पोरानं नवा इंग्रजी शब्द आणायचा, अर्थ सांगायचा, तुम्ही तो चौकोनात लिहायचात आणि खाली पोराचं पूर्ण नाव. ज्याचं नाव तिथं यायचं तो दिवसभर छाती काढून फिरायचा. आठवीत माझा नंबर आला तो नेमका तपासणीच्या दिवशी. केंद्रप्रमुख साहेब येणार होते. आदल्या दिवशी तुम्ही मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"उद्या तू अंब्रेला म्हणायचं. अंब्रेला, छत्री. ध्यानात ऱ्हाईल का?"

राहील म्हणालो. पण माझ्याकडं वही होती, सर. कापसाच्या औषधाच्या बाटलीसंगं एक घडीचा कागद येतो. वर इंग्रजी, मग हिंदी, मग मराठी, मुंगीएवढी अक्षरं, आणि सगळीकडं मजकूर एकच. आण्णा, म्हणजे माझे वडील, तो बांधावर फेकून द्यायचे. मी गोळा करायचो. एक बोट इंग्रजीच्या ओळीवर, एक बोट मराठीच्या ओळीवर, असं करत करत मी शब्द काढायचो आणि वहीत उतरवायचो. मळमळ, घाम, डोळ्यांची आग, मुलांपासून दूर ठेवा. गंगाखेडच्या दुकानात कोणतंही नवं औषध आलं की आण्णांपेक्षा मला जास्त आनंद व्हायचा. दीड वर्षात निम्मी वही भरली होती. ती मी कुणाला दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवायची ठरवली.

साहेब मागच्या बाकावर बसले. तुम्ही खडू घेऊन फळ्याकडं वळलात आणि म्हणालात, "हं, आज कुनाचा शब्द?" मी उभा राहिलो. छत्री तर पाचवीच्या पोरालाबी येती, एवढे साहेब आलेत तर त्यांच्यापुढं छत्री काय सांगायची, असं वाटलं. म्हणालो, "अँटिडोट."

तुमचा हात फळ्यावर तसाच राहिला.

"काय म्हनलास?"

"अँटिडोट, सर."

"अंब्रेला म्हन."

"ते छत्री सर. ह्यो येगळा हाय."

"असला शब्द न्हाई इंग्रजीत."

"हाय सर. इषावरचं औषद. तुमाला म्हाईत न्हाई का?"

मी खरंच विचारलं होतं. तुम्हाला सगळं येतं असं मी धरून चाललो होतो, म्हणून विचारलं. मागून साहेब मोठ्यानं हसले. "गुरुजी, पोरगं तर तुमच्या म्होरं चाललं की!" पोरंही हसली. तुमचा चेहरा मी बघितला. कान लाल झाले होते. मग तुम्ही हसलात, तसं हसू मी नंतर फक्त इथल्या मुकादमाच्या तोंडावर बघितलं.

"कुठून आनलास रे ह्यो शब्द?"

"फवारणीच्या कागदावरून, सर."

"बघा साहेब, बापाच्या पंपात इंग्लिश भरून आनायलंय! ए फवारणी, बस खाली."

आता साहेब माझ्यावर हसले. सगळे माझ्यावर हसले. चौकोनात तुम्ही अंब्रेला लिहिलंत, खाली कुणाचंच नाव नाही. चहा पिऊन साहेब गेले. मग तुम्ही माझ्या दप्तरातून वही काढली, मैदान ओलांडून खिचडीच्या शेडमध्ये गेलात, मी तुमच्या मागं मागं, आणि खिचडीवाल्या मावशीला म्हणालात, "लाकडं वली हायत, पेटंना म्हनत व्हत्या ना? घ्या." मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुमच्याकडं, आणि वही पातेल्याखाली सरकवली. त्या दिवशीची खिचडी मी खाल्ली. भूक लागली होती. यासाठी मी अजून मलाच माफ केलं नाही, तुम्हाला कुठून करू?

मला आता कळतं की साहेब आधी तुम्हाला हसले. तुम्ही एका गाइडवर वीस वर्षं काढली होती, आणि माझ्यासारख्या पोरानं चारचौघांत त्याच्या बाहेरचं विचारलं. तुम्ही मला छत्री दिली होती, मी ती घेतली नाही. हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून माफ करावं लागतं, असं कुठं लिहिलंय?

त्यानंतर मी तुमच्या वर्गात बसलो नाही. मायनं लय विनवलं, आण्णांनी एकदा चाबकाची दांडी उगारली, मी गेलो नाही. पंप पाठीवर घेतला. तीन वर्षांनी तुम्ही मेलात. तुमच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून नेतात. तुम्हाला फुलांनी सजवलेल्या चौकटीत बसवलं होतं, भस्माचे पट्टे ताजे, मान ताठ, डोळे मिटलेले, जणू पेपर उपडे ठेवून वर्गाला ताटकळत ठेवलंय. मी रस्त्याकडंला ट्रॉलीवर उभा राहून कापूस दाबत होतो. खालच्या माणसांनी चपला काढल्या, हात जोडले. एक जण म्हणाला, "आरं उतर की, तुझे सर हायत." मी उतरलो नाही. कापूस दाबत राहिलो. तुम्ही माझ्या पायाखालून गेलात, हे मला कितीतरी दिवस गोड लागलं.

आता परीक्षा. तिसरी खेप. समोर एक गोरी बाई, वयस्कर, गळ्यात चष्म्याची साखळी. तिनं एक कार्ड दिलं. एक मिनिट विचार करायचा, दोन मिनिटं बोलायचं. कार्डवर होतं: तुम्हाला शिकवणाऱ्या एका माणसाविषयी सांगा. सर, मला हसू आलं. मी पेन्सिल उचललीसुद्धा नाही. पाचशे खिळे तयार होते. मी गाडीची किल्ली सांगितली, सदरा सांगितला, ओठ सांगितला, केंद्रप्रमुख, वही, चूल, खिचडी. कुठं अडलो नाही. जड शब्द एकामागं एक आपोआप येत होते, जणू तुम्हीच मागून सांगत होता. दोन मिनिटं झाल्यावर बाईनं हात वर केला, तरी माझं एक वाक्य उरलंच होतं, ते मी पुरं केलं. तिनं चष्मा लावला आणि विचारलं, "मग त्या शिक्षकांनी पुढं कधी त्या शब्दाचा अर्थ शोधला का?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

बोलण्यात सात आले. बाकी तिन्हीत सहाच्या वर. पोरीचा पासपोर्ट काढायला सांगितलंय. हा झाला निकाल. तुम्ही ठोकायला अंग दिलंत म्हणून आला, पण त्याचे आभार मी मानणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. ते माझ्याजवळच राहील. एवढंच लिहायचं होतं की त्या बाईशी मी खोटं बोललो. वही जळाली त्याच्या चौथ्या दिवशी मायनं मला शाळेत धाडलं, खिचडीचं ताट तिथंच राहिलं होतं म्हणून. प्रार्थनेच्या आधीची वेळ होती. वर्ग उघडा, आत कुणी नाही. ताट माझ्या बाकाखाली होतं. उचलून वळलो तर फळ्याच्या कोपऱ्यात, चौकोनात, तुमच्या वळणदार अक्षरात, अँटिडोट. पुढं अर्थ, विषावरचे औषध. आणि खाली माझं पूर्ण नाव, आण्णांच्या नावासकट. फवारणी नाही.

मी ते बाहीनं पुसलं. आधी नाव, मग अर्थ, मग शब्द. नंतर पोरं आली असतील, तुम्ही आला असाल, चौकोन रिकामा बघितला असेल, तुम्हाला कळलं असेल. बाहीला खडू लागला होता. घरी पोचेपर्यंत मी तो झटकला नाही.